टाचणीची हजेरी

रविवार, ९ मार्च

प्रिय ताई,

धाकटीचा नमस्कार. उत्तराला उशीर झाला, आधीच कान पकडते. तुझा गुडघा कसा आहे? आणि कानाचं यंत्र वापरतेस की अजून डबीतच? ते वापरायला लागलीस तर मला फोन करता येईल आणि तुला माझं हे गिचमिड अक्षर वाचावं लागणार नाही. गेल्या खेपेला फोनवर आपण दोघी निरनिराळ्या विषयांवर बोलत होतो आणि फोन ठेवेपर्यंत दोघींनाही पत्ता नव्हता. त्यापेक्षा पत्रच बरं.

घरी सगळं ठीक. ह्यांनी स्वयंपाकघरातला नळ दुरुस्त करायला घेतला. आधी एका जागी गळत होता, आता दोन जागी गळतो. बोलायची सोय नाही.

लॉन्ड्रीत मात्र मोठीच गंमत झाली. ती सांगायलाच बसले आहे.

तुला आमचं काम ठाऊक आहे. हॉटेलांच्या, हॉस्पिटलांच्या चादरी गाठोड्यांनी येतात, धुऊन-वाळून रोलरखालून सपाट होऊन बाहेर पडतात आणि शेवटी आमच्या टेबलाशी येतात. मोठी चादर एकटीला घडी करता येत नाही. दोन टोकं तिच्या हातात, दोन माझ्या. एक झटका द्यायचा, मग दोघींनी एकमेकींकडे चालत यायचं, माझी टोकं तिच्या हातात द्यायची, वाकून खालची घडी उचलायची आणि पुन्हा मागे. म्हणून प्रत्येकीची एक जोडीदारीण ठरलेली असते. माझी म्हणजे टाचणी. मी कामाला लागले तेव्हापासून ती तशीच आहे: बारीक, ताठ, आणि तोंड उघडलं की टोचणारी. दिवसभर तिचे हात माझ्या हातांना लागत असतात. ह्यांचे लागत नसतील इतके.

जोडीचा आणखी एक रिवाज आहे. तो मी मागे फुशारकीनं सांगितला होता आणि तू मला चांगलंच झापलं होतंस. जोडीदारणीला उशीर झाला की तिचं हजेरीचं कार्ड आपण मशीनमध्ये घालायचं. टोपी, मास्क, निळा कोट चढवला की आम्ही सगळ्या सारख्याच दिसतो. कोण बघतंय? मुकादमबाईंना सगळं माहीत आहे, पण त्या डोळ्यांवर कातडं ओढून बसतात.

तर काय झालं, की बायकांच्या छातीची तपासणी करणारी एक मोठी गाडी आमच्या मागच्या अंगणात येऊन उभी राहिली. एक संस्था ती चालवते. ज्यांना कामावरून सुट्टी मिळत नाही, हॉस्पिटलच्या रांगेत दिवस घालवणं परवडत नाही, अशा बायकांच्या दाराशी ही गाडी जाते. आत फोटो काढायचं यंत्र, एक पडदा आणि कपडे टांगायला दोन खुंट्या. मालकांनी जाहीर केलं, की एकूण एक बाई तपासून झाली तर दुपारच्या चहानंतर मशीनं बंद, सगळ्यांना सुट्टी. एक जरी राहिली तरी काम चालू.

तुला वाटेल, उड्या पडल्या असतील. कसल्या उड्या! गाडी दिसताच प्रत्येकीला कुठलं ना कुठलं काम आठवलं. एकीला पोटात दुखायला लागलं, दुसरी मोरीत जाऊन बसली ती बसलीच. एक जण म्हणाली, "मला काही झालेलं नाही, मग दाखवू कशाला? झालं की दाखवीन." आणि आम्ही सगळ्यांनी शहाण्यासारख्या माना डोलावल्या.

गाडीतल्या नर्सबाईंनी छान समजावलं, चित्रं दाखवली. आम्ही चित्रं सोडून सगळीकडे बघत होतो. मग त्या गाडीची ड्रायव्हर आत आली. आम्ही तिला गाडीवालीच म्हणतो. आडव्या अंगाची, केस बारीक कापलेले, हातात चहाचा ग्लास. बाकावर टेकून म्हणाली, "मलाही झालं होतं. तेव्हा मी ट्रक चालवायचे. कळत होतं, पण आज बघू, उद्या बघू करत राहिले." एवढं बोलून तिनं ग्लास खाली ठेवला, जॅकेटची चेन उघडली आणि शर्ट वर केला.

ताई, मी आयुष्यात असं काही पाहिलं नव्हतं. एका बाजूला काहीच नव्हतं. सपाट. काखेपासून छातीच्या मध्यापर्यंत एक आडवी रेघ, इतकी सरळ, इतकी साफ, की आमच्या फाटक्या चादरी शिवणाऱ्या बाईनं मन लावून घातलेली शिवण वाटावी. आणि तिच्याखाली श्वास चाललेला, तुझ्यामाझ्यासारखा. आम्ही टोप्या घातलेल्या सगळ्या बाया आ वासून बघत राहिलो. "हात लावा," ती म्हणाली, "चावत नाही." पहिला हात मुकादमबाईंनी लावला. मग एकेक करून आम्ही. ती जागा ऊबदार होती. का कोण जाणे, मला ती गार असेल असं वाटलं होतं. कोणीतरी विचारलं, "आता जड उचलता येतं का?" तर म्हणाली, "या गाडीचं चाक मीच बदलते. तुझा नवरा बदलतो का?" जे हसू फुटलं, त्या हसण्यात रांग कधी लागली ते कळलंच नाही.

टाचणी मात्र रांगेत नव्हती. ती मशीनच्या मागे गाठोड्यांवर बसून होती. कधी नाही ते हळू आवाजात बोलली. "मी नाही जाणार. मला काही कळायलाच नको आहे." तिला परोपरीनं समजावलं. ढिम्म हलली नाही.

पण दुपारी सुट्टी सगळ्यांना मिळाली. तिचं नाव कसं लागलं ते विचारू नकोस. आमच्याकडे नावं लागतात.

आणि गेल्या आठवड्यात काय व्हावं? टाचणीला संस्थेतून फोन! "तुमचा फोटो पुन्हा काढावा लागेल." जी गाडीच्या सावलीलाही उभी राहिली नाही, तिचा फोटो! ती इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. आम्ही घडीच्या टेबलाशी होतो. हसता हसता

असो. कामाचं किती सांगू. तुझ्याकडे ऊन वाढलं असेल, दुपारची बाहेर पडू नकोस.

एक सहज विचारायचं होतं. आईला कोणत्या बाजूला होतं गं? डाव्याच ना? आणि तेव्हा तिचं वय काय होतं? मी लहान होते, मला ती भर उन्हाळ्यातही करडा स्वेटर घालून बसायची तेवढं आठवतं. तिची सगळी उस्तवार तू केलीस, म्हणून तुला विचारते. गाडीवर सगळ्यांनाच विचारत होते. विशेष काही नाही.

गुडघ्याला शेक देत जा.

तुझी,
धाकटी


रविवार, ३० मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. तुझं पत्र पोचलं. एवढं तुटक पत्र तू मला कधी लिहिलं नव्हतंस. आईबद्दल दोन ओळी आणि खाली, "टाचणी गेली नाही म्हणतेस, तर तो फोटो कोणाचा होता?" गुडघ्याचा साधा उल्लेखही नाही. तुझे कान गेले असतील, पण तुझ्यापासून काही लपवणं मला लहानपणी जमलं नाही आणि आताही नाही.

माझा होता, ताई. दोन्ही माझेच.

सकाळी मी माझ्या कार्डावर आत गेले, दुपारी टाचणीच्या. सकाळी फोटो काढणारी एक मुलगी होती, दुपारी दुसरी. दोघींना माझ्यात काय, सगळ्यांत निळा कोटच दिसत असणार. ती गार पट्टी छाती दाबून धरते तेव्हा दुखतं, पण घोट पाणी पिऊन होईपर्यंत सुटका होते. दुसऱ्यांदा दाबलं तेव्हा मी मनातल्या मनात टाचणीला चार शिव्या घातल्या. मला स्वतःला कसली शंका नव्हती. हाताला काही लागत नव्हतं. खरं सांगू, अजूनही लागत नाही.

आणि फोन आधी मला आला होता. टाचणीच्या आदल्या दिवशी. ते मी गाळलं. नर्सबाई म्हणाल्या, "तुमच्या आणि आणखी एका बाईंच्या फोटोत अगदी त्याच जागी तसाच ठिपका दिसतोय. दोन बायकांचं इतकं हुबेहूब सारखं कधी नसतं. तुम्हा दोघींच्या मधे काढलेल्या फोटोंत तो नाही, तरी डॉक्टरांना वाटतंय की यंत्राचीच काहीतरी खोड असावी. घाबरू नका. गाडी पुन्हा तिकडे येईल तेव्हा सवडीनं काढू."

सवडीनं. तो शब्द मला इतका आवडला की मी तो जपून घरी आणला. ह्यांना काही बोलले नाही. यंत्राची खोड असेल, असं दिवसभर स्वतःला सांगत राहिले. पण ती दुसरी बाई म्हणजे मीच, हे डॉक्टरांना ठाऊक नव्हतं आणि मला ठाऊक होतं. भांडी घासता घासता हात थांबायचा.

मग टाचणीला फोन आला आणि ती हसत सुटली. पुढचं मी लिहायचं टाळलं, ते आता लिहिते. आमच्या दोघींमध्ये एक मोठी चादर ताणलेली होती. "न गेलेल्या बाईचा फोटो बिघडला म्हणे!" असं म्हणून तिनं माझ्याकडे पाहिलं आणि तिचं हसू जागच्या जागी विझलं.

"तुलाही आला होता फोन?"

मी मान हलवली. माझ्या हातातली टोकं सुटली. चादर जमिनीला लागली म्हणजे पुन्हा धुवायला. आमच्यात चादर पाडणं म्हणजे नाक कापून घेणं. टाचणी त्या पांढऱ्याशुभ्र चादरीवर पाय देत सरळ माझ्यापाशी आली.

"काय म्हणाल्या त्या?"

"यंत्राची खोड आहे. सवडीनं या म्हणाल्या."

"खोड नाहीये ती. तुलाही कळतंय, खोड नाहीये."

"असेलही."

"गप बस."

मी तिचा हात धरला. म्हटलं, बोलू नकोस गं बाई. दुसरीचं कार्ड वापरेल तिला सरळ घरी पाठवणार, हा नियम भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावलेला आहे. म्हटलं, गाडी पुन्हा येईल तेव्हा मी निमूट जाईन, तू काहीतरी निमित्त सांग, आपोआप उलगडेल सगळं. गाडी पुन्हा कधी येणार, ते तिलाही माहीत नव्हतं आणि मलाही.

ताई, ही बाई डॉक्टरच्या पाटीलासुद्धा घाबरते. दाढ किडली तर दुसऱ्या बाजूनं जेवते, पण दाखवत नाही. तिनं माझा हात झटकला आणि हॉलच्या मधोमध जाऊन उभी राहिली. रोलर धडधडतायत, पाइपांतून वाफ सुटलीय, आणि हिनं नर्सबाईंना फोन लावून, मुकादमबाईंच्या डोळ्यांदेखत, बेंबीच्या देठापासून ओरडून सांगितलं, "बाई, यंत्राला दोष देऊ नका! मी आलेच नव्हते! माझ्या कार्डावर माझी जोडीदारीण उभी होती! फोटो दोन आहेत, बाई एकच आहे!"

कोणीतरी रोलर बंद केले, कोणी वाफ बंद केली. तो हॉल इतका शांत मी कधी ऐकला नव्हता. टाचणी फोन कानाला लावून उभी होती. तिची नोकरी हेच तिचं घर चालवतं, दुसरं कोणी नाही. हे तिला माहीत होतं, मला माहीत होतं, सगळ्या हॉलला माहीत होतं. माझ्यासाठी कोणी असं काही करेल, हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं.

मुकादमबाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग भिंतीवरच्या नियमाकडे. म्हणाल्या, "या मेल्या वाफेच्या आवाजात मला एक अक्षर ऐकू येत नाही." वाफ बंद होती, ताई! टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. "दोघी खांबासारख्या उभ्या काय? कोट काढा आणि निघा."

नर्सबाईंनी गाडीवालीला धाडलं होतं. ती मोठी गाडी घेऊन, फक्त आम्हा दोघींना न्यायला आली. हॉस्पिटलात पोचलो तर टाचणी माझ्याआधी पडद्याआड गेली. कोणी सांगितलं नव्हतं. नर्सबाई म्हणाल्या, "अहो, तुमची घाई नाही." तर ही म्हणते, "कार्डं दोन आहेत ना? मग दोन बाया बघून घ्या." बाहेर आली तेव्हा घामानं भिजलेली होती. तिचं सगळं साफ निघालं. मला माझ्या आनंदापेक्षा मोठा आनंद झाला, आणि तो मी तिला दाखवला नाही, नाहीतर चढून बसली असती.

मग माझं. नर्सबाईंनी मला फोटो पडद्यावर दाखवला. मला वाटलं होतं, काहीतरी ढगाळ, राखाडी असेल. पण आत बारीक बारीक दोरे होते, एकमेकांत गुंतलेले, झाडाच्या मुळ्यांसारखे, सगळे एका टोकाकडे निघालेले. "या दुधाच्या नळ्या," त्या म्हणाल्या. इतकी वर्षं मी हे अंगावर वागवलं आणि कपड्यात नीट बसतं की नाही एवढंच पाहिलं. आत एवढी कारागिरी आहे हे मला कोणी कधी सांगितलं नाही. आणि त्या सगळ्या दोऱ्यांच्या मध्ये एक पांढरा ठिपका, मिठाच्या खड्याएवढा.

भीती वाटायला हवी होती. ती नंतर वाटली, पोटभर वाटली. त्या क्षणी मात्र मी नुसती थक्क होऊन बघत राहिले. हाताला न लागणारी गोष्ट डोळ्यांना दिसते, असं यंत्र माणसांनी केलं. ते गाडीत बसवलं. आणि ती गाडी एका बाईनं, जिला स्वतःला वेळेवर काही मिळालं नाही, आमच्या गाठोड्यांच्या अंगणापर्यंत चालवत आणली. कोणासाठी? माझ्यासाठी. मी कोण, तर चादरींच्या घड्या घालणारी एक बाई.

आईसाठी कोणी नाही आलं, ताई. तिच्यासाठी फक्त तू होतीस, आणि तू तरी तेव्हा केवढी होतीस.

आता तो शब्द लिहिते. कॅन्सर आहे. सुईनं कण काढून तपासला, तेच निघालं. डावीकडे, आईसारखंच. पण आईएवढं नाही. डॉक्टर म्हणाले, हाताला लागेपर्यंत थांबला असतात तर गोष्ट वेगळी होती. आता तेवढाच भाग काढतील, मग काही आठवडे किरणं देतील. पुढच्या आठवड्यात ऑपरेशन आहे. खर्चाचं संस्थेनं बघितलंय, तू तो विषय काढू नकोस. ह्यांना सांगितलं, तर उठून नळ दुरुस्त करायला बसले. आता तो मुळीच गळत नाही.

तू ये असं म्हणणार नाही. आईला घेऊन त्या दारातून बाहेर पडलीस तेव्हापासून तू हॉस्पिटलच्या रस्त्यानंही जात नाहीस, मला माहीत आहे. पण डॉक्टरांनी मला विचारलं, "बहिणी आहेत?" मी म्हटलं, "एक आहे, थोरली." ते म्हणाले, "त्यांना तपासून घ्यायला सांगा. आईला होतं, तुम्हाला आहे, त्यांनी वाट बघू नये."

मी सांगितलं, ताई. ऐकू आलं ना?

तुझी,
धाकटी


रविवार, १८ मे

प्रिय ताई,

नमस्कार. हे पत्र मी उजव्या हातानं लिहिते आहे आणि डावा हात तुझ्या उशीवर ठेवलाय. काखेखाली ती बरोबर बसते. ऑपरेशननंतर तिथे काय टेकू लागतो, त्याचं माप तुला कसं ठाऊक, हे मला विचारावं लागलं नाही. आत आईच्याच उशीतला कापूस आहे ना? वासावरून वाटलं.

ऑपरेशन नीट झालं. सगळं निघालं, काखेत पसरलेलं नव्हतं. डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा गाडीवाली तिथेच होती. तिनं माझ्या पाठीत अशी थाप मारली, की नर्सबाई तिच्यावर खेकसल्या. किरणं चालू आहेत. थकवा येतो, बाकी काही नाही.

एक सांगायचं राहिलं. ऑपरेशननंतर मला नीट जाग आली तेव्हा पायाशी एक घडी केलेली चादर होती. कोपऱ्यावर आमच्या लॉन्ड्रीचा निळा शिक्का. आणि शेवटची घडी उलटी. टाचणी शेवटची घडी कायम उलटी घालते, त्यावरून मी तिच्याशी किती वेळा भांडले असेन. मी नसताना ती दुसऱ्या कोणाबरोबर घड्या घालत होती आणि त्यातलीच एक चादर फिरत फिरत माझ्या पायाशी आली होती. मी पाय लांब करून तिला लावला आणि मनसोक्त रडले. हॉस्पिटलातलं माझं रडणं तेवढंच.

हात वर जायचा नाही. व्यायाम शिकवणारी मुलगी म्हणायची, भिंतीवर बोटं चालवत वर न्या. कंटाळा यायचा. टाचणी भेटायला आली, तिनं ते बघितलं, पायाशी होती ती चादर उचलली आणि दोन टोकं माझ्या हातात दिली. पहिल्या दिवशी मला कमरेएवढाच हात उचलता आला, तर तिनंही आपले हात कमरेशी धरले. दुसऱ्या खेपेला थोडे वर. ती स्वतःचे हात माझ्यापेक्षा कधीच वर नेत नव्हती. शेजारच्या खाटांवरच्या बाया बघत होत्या. काल घरी, घरातल्याच चादरीवर, माझे हात डोक्याच्या वर गेले, तिचेही गेले, आणि मग तिनं शेवटची घडी उलटी घातली. या वेळी मी ती तशीच राहू दिली.

आता तुझ्या पत्राचं. उशी पाठवलीस, काय खावं काय नाही ते लिहिलंस, ह्यांना नळाबद्दल शाबासकी दिलीस. आणि माझ्या प्रश्नाचं उत्तर काय, तर "माझं आता वय झालं, मला काय होतंय." ताई, लॉन्ड्रीतही एक जण असंच म्हणाली होती, आणि आम्ही शहाण्यासारख्या माना डोलावल्या होत्या.

तुला काय होईल याची तुला भीती नाही, मला ठाऊक आहे. तू आईचं सगळं पाहिलंस. जखम तू धुतलीस, पट्ट्या तू बदलल्यास, मला त्या खोलीत येऊ दिलं नाहीस. मला तो करडा स्वेटर तेवढा आठवतो, कारण बाकीचं तू तुझ्या अंगावर घेतलंस. आमच्या भाषेत सांगायचं तर तेव्हा माझीही हजेरी तूच लावलीस. तुला वाटतं, त्या दाराच्या पलीकडे अजून तेच आहे. नाही गं. मी जाऊन आले आहे. तिथे माझी जागच्या जागी शिवलेली छाती आहे, आणि वर गेलेले हात आहेत.

आणि तुला त्या दारातून जायचंही नाही. गुरुवारी गाडी तुझ्या गावात येते आहे. तुझ्या गल्लीच्या तोंडाशी, बेकरीसमोर उभी राहील. दोन पायऱ्या, एक पडदा आणि दोन खुंट्या. गुडघ्याला धरायला दांडा आहे, मी मुद्दाम बघून घेतलं.

मला किरणं सोडून येता येणार नाही. म्हणून टाचणी येते आहे. हो, टाचणी! सुट्टीच्या दिवशी ती आता गाडीवालीच्या शेजारच्या सीटवर बसून गावोगाव जाते, आणि मशीनमागे लपलेल्या बाया हुडकून काढते. लपायच्या सगळ्या जागा तिला माहीत आहेत. ती सकाळीच तुझ्या दाराशी येईल. ओळखायला सोपी आहे: बारीक, ताठ, आणि पहिल्याच वाक्याला तुला राग येईल. कानाचं यंत्र घालून ठेव, कारण ती बोलते ते ऐकण्यासारखं असतं.

तू नको म्हणालीस तर ती तुझ्या ओट्यावर बसून राहील, तिला तसं सांगूनच पाठवते आहे. तुला फारच भीती वाटली तर ती तुझा हात धरील, पडद्यापर्यंत येईल, बाहेर थांबेल. पण एक मी तिला बजावलं आहे, अगदी शपथ घालून. तुझ्या नावावर तिनं आत जायचं नाही. तिनं जायचं नाही आणि मी असते तरी मी गेले नसते. तुझ्यासाठी मी काहीही करीन, ताई, पण ही एक जागा अशी आहे जिथे मला तुझ्याऐवजी उभं राहता येत नाही.

गुरुवारी तुझं नाव पुकारतील. तू उठ.

यापुढे फक्त स्वतःच्याच नावावर हजर असणारी,
तुझी धाकटी